फॉर्मवर 'आल्टो' लिहा

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय ५४. बँकेतून गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शाळेत असताना गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, मग सगळं सुटलं. आता एका बाईंकडे पुन्हा शिकते आणि सोसायटीच्या भजनी मंडळात गाते. पट्टी काळी चार. वांद्र्याला एका रविवारी दिवसभराची कोरल, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगायनाची, कार्यशाळा आहे. सकाळी साडेनऊला जमायचं, दिवसभर तालीम आणि संध्याकाळी साडेसहाला तिथेच लोकांसमोर कार्यक्रम. विवाल्डी या इटालियन संगीतकाराच्या 'ग्लोरिया' या लॅटिन स्तोत्रातले चार भाग गायचे आहेत. बँकेतली माझी मैत्रीण लहानपणापासून चर्चमध्ये गाते, ती मागे लागली आहे की चल. हातात तीन आठवडे आहेत. फॉर्मवर विचारलंय, 'तुमचा आवाज कोणता? नोटेशन वाचता येतं का?' पहिल्याचं उत्तर माहीत नाही, दुसऱ्याचं 'नाही'. बाई म्हणतात, असल्या गाण्याने आवाज पातळ होईल. हे म्हणतात, या वयात लॅटिन स्तोत्रं कशाला? माझी भीती वेगळीच आहे. माझ्यामुळे बाकीच्यांचा कार्यक्रम बिघडला तर? अडलं तिथे नुसते ओठ हलवले तर चालेल का?
— एक गाणारी, मुलुंड

उत्तर : ताई, जा.

फक्त पैसे भरण्याआधी संयोजकांना एक फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. नोटेशन न वाचणाऱ्यांना घेता का, आणि सरावासाठी आपापल्या आवाजाचं रेकॉर्डिंग आधी देता का. पहिल्याला 'नाही' आलं तर थाप मारून आत शिरू नका. दुपारच्या जेवणापर्यंत ते उघडं पडतं आणि रविवार फुकट जातो. पण बहुधा 'हो' येईल, कारण सकाळी बसवून संध्याकाळी गायचं हा प्रकार मुळात हौशी लोकांसाठीच आहे. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९७४ पासून हँडल या संगीतकाराचा 'मसाया' असाच गातात. हजारो हौशी गाणारे आपापली पुस्तकं घेऊन येतात, दिवसा तालीम करतात, संध्याकाळी गातात आणि रात्री घरी जातात.

आता फॉर्म. 'आल्टो' लिहा. तुम्ही काळी चारमध्ये गाता, तिथेच उत्तर आहे. कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, बायकांचे दोन भाग असतात, वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो. पुरुषांचे टेनर आणि बास. आल्टोचा पल्ला तुमच्या पट्टीत मोजला तर साधारण मंद्र निषादापासून तार मध्यमाच्या आसपास येतो. म्हणजे रोज भजनात जिथे गळा फिरतो तीच जागा. सोप्रानोची धाव तार सप्तक संपेपर्यंत असते, आणि त्यासाठी जो हलका, डोक्यातून काढल्यासारखा आवाज लागतो तो आपल्याकडे कोणी शिकवत नाही, उलट खोटा आवाज म्हणून मोडून काढतात. आपल्या बहुतेक गाणाऱ्या बायका आल्टोत चपखल बसतात, पण स्वतःला 'वरच्या आवाजाच्या' समजून सोप्रानोत जातात आणि चार वाजेपर्यंत घसा धरून बसतात. तुमची मैत्रीण सोप्रानो असेल तर तिच्या शेजारी उभं राहण्याचा मोह सोडा.

नोटेशनच्या रकान्यात सरळ 'नाही' लिहा. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी कामगार आणि शाळकरी मुलांना गायला लावलं ते डो-रे-मीच्या अक्षरांवर, पाच रेघांचं नोटेशन बाजूला ठेवून. त्यांचा 'डो' आपल्या 'सा'सारखाच हवा तिथे सरकवता येतो. ईशान्य भारतातल्या चर्चांमधली कित्येक अव्वल कॉयर याच अक्षरांवर तयार झाली. तुम्ही तर सरगम लिहून घेत वाढलात. 'ग्लोरिया'चा पहिला भाग डी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी दोनचा सा धरून सरळ बिलावलचे सूर. रेकॉर्डिंग ऐकत आल्टोची ओळ सरगममध्ये उतरवून काढा. वहीत, पेन्सिलीने. लॅटिन शब्दही देवनागरीत लिहा : 'ग्लोरिया इन एक्शेल्सिस देओ', 'एत इन तेर्रा पाक्स ओमिनिबुस'. इथे मराठी माणसाला एक फायदा फुकट मिळतो. चर्चचं लॅटिन इटालियन वळणाने उच्चारतात आणि त्यातले त, द दाताला जीभ लावूनच येतात. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचा 'टेरा' सुधारण्यात संचालकाचा (म्हणजे समोर उभं राहून हाताने लय दाखवणाऱ्या कंडक्टरचा) अर्धा तास जातो, तुमचा होणार नाही. ('एक्सेल्सिस' की 'एक्चेल्सिस' यावर मात्र वाद घालू नका. संचालक सांगेल तो त्या दिवसापुरता बरोबर.)

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती तुमच्या चांगल्या कानातूनच येणार आहे.

भजनी मंडळात सगळे एकच चाल गातात. कोणी वर, कोणी खाली, पण चाल एक. बुवांनी ओळ टाकली की टाळकरी तीच उचलतात. पोवाड्यात झीलकरीही तेच करतात. आपल्या सगळ्या समूहगाण्याला ही सवय आहे, की शेजाऱ्याचा सूर ऐकायचा आणि त्यात मिसळायचं. कॉयरमध्ये तुमच्या डाव्या कानात आल्टो असेल आणि उजव्या कानात सोप्रानो, आणि सोप्रानोकडे बहुतेक वेळा मुख्य चाल असते, कानाला गोड लागणारी. तुमचा कान इमानदारीने तिकडे ओढला जाईल. पाच-सहा मात्रांत तुम्ही सोप्रानोची चाल एक सप्तक खाली गात असाल आणि तुम्हाला पत्ताही नसेल, कारण ते सुरातच असेल! बेसुरं गाणारी बाई स्वतःला लवकर सापडते, सुरेल चुकणारी नाही.

त्यामुळे तीन आठवड्यांतली निम्मी मेहनत यावर घाला. पहिला आठवडा फक्त तुमची ओळ, रेकॉर्डिंगबरोबर. इंटरनेटवर 'ग्लोरिया'च्या प्रत्येक आवाजाची वेगळी सराव-ध्वनिफीत मिळते, त्यात आल्टो मोठ्याने आणि बाकीचे मागे असतात. ओळ तोंडपाठ झाली की आल्टोची फीत बंद करा आणि सोप्रानोची लावा, एका कानात इअरफोन घालून, आणि तिच्यावर तुमची ओळ गा. पहिले दोन-तीन दिवस वैताग येईल. मग एका क्षणी तुमचा सूर तिच्या सुराखाली टेकल्याचं कळेल. ते एकदा कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना गाता आलं तर आणखी उत्तम, कारण प्रत्यक्षात मागे बासही असणार आहेत, आणि बासमधले पुरुष साधारणपणे गरजेपेक्षा मोठ्याने गातात.

ते चार भाग कोणते आहेत ते विचारून घ्या. पहिला भाग नक्की असेल. तो जोरकस आहे, चारही आवाज बराच वेळ एकच शब्द एकाच वेळी म्हणतात, त्यामुळे पटकन बसतो. 'एत इन तेर्रा पाक्स' असेल तर त्याच्यासाठी वेळ राखून ठेवा. तो संथ आहे, तीनच्या लयीत, आणि षड्ज मध्येच हलतो. एक आवाज सूर धरून बसतो, तेवढ्यात खालचा सूर बदलतो, दोन सूर एकमेकांना घासतात आणि मग धरून बसलेला आवाज एक पायरी खाली उतरून तणाव सोडतो. तुम्ही तो घासणारा सूर असाल तेव्हा तुमचा तानपुऱ्यावर वाढलेला कान ओरडेल, 'चुकतंय, हल!' हलू नका. घासणं लिहिलेलंच आहे, आणि त्या भागाची सगळी कळ त्यातच आहे. शेवटचा भाग असेल तर तो फ्यूग आहे. एक आवाज विषय मांडतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि पाठोपाठ सगळे एकमेकांच्या अंगावरून धावत सुटतात. (विवाल्डीने तो रुजेरी नावाच्या दुसऱ्या एका संगीतकाराच्या 'ग्लोरिया'वरून बेतला. आज असं कोणी केलं तर केवढा गहजब होईल.) तिथे नवख्यांनी एकच गोष्ट पाठ करायची, आपण कधी शिरायचं. त्याआधी कोणता आवाज कोणता शब्द म्हणतो ते वहीत लिहून ठेवा. मधे हरवलात तर पुढच्या प्रवेशापर्यंत थांबा आणि तिथे ठामपणे शिरा.

आता मुरक्या, हरकती, मींड, सगळं घरी ठेवून या. हे तुम्हाला सर्वात जड जाईल. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं ही आपली शान आहे, पण वीस आल्टो वीस वेगवेगळ्या वेगांनी घसरल्या की त्या ओळीचा चिखल होतो. सूर थेट पकडायचा आणि थेट सोडायचा. सोडण्याला तर धरण्याइतकंच महत्त्व आहे. 'पाक्स'मधला शेवटचा 'क्स' सगळ्यांनी संचालकाच्या हातावर एकदम म्हणायचा. शंभर जणांचे 'क्स' मागेपुढे आले की लवंगी माळ लागल्यासारखं वाटतं. तुम्हाला खात्री नसेल तिथे 'क्स' म्हणूच नका, 'पा'वर थांबा. शेजारणीचा 'क्स' तुम्हाला पुरेल.

संचालकाच्या हाताची भीती नको. चारची लय असेल तर हात खाली, आत, बाहेर, वर असा जातो. तीनची असेल तर खाली, बाहेर, वर. पहिली मात्रा नेहमी खाली. ती तुमची सम. सुरू करण्याआधी तो एक रिकामी मात्रा दाखवतो, तेव्हा श्वास घ्यायचा. एवढं समजलं तरी वहीतून डोकं वर काढायला जमतं, आणि डोकं वर काढणाऱ्या हौशी गायकावर संचालकाचा जीव जडतो.

ओठ हलवण्याबद्दल. संपूर्ण भाग नुसते ओठ हलवत काढणार असाल तर प्रेक्षकांत बसा, तिथून छान ऐकू येतं. पण अडलं तिथे गप्प बसण्याला कॉयरमध्ये मान्यता आहे, इतकंच नाही तर ते शिकवलं जातं. लांबलेला सूर सगळे एका दमात धरू शकत नाहीत, म्हणून श्वास आलटून पालटून घ्यायचा असतो. शेजारीण जिथे श्वास घेते तिथे तुम्ही घ्यायचा नाही. शब्दाच्या मधेच, स्वरावर असताना, हळूच बाहेर पडायचं, श्वास घ्यायचा आणि हळूच परत यायचं, जणू गेलाच नव्हता. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. तेव्हा चार मात्रा गप्प राहिलात म्हणून तुम्ही कोणाला फसवत नाही. चुकीचा सूर मोठ्याने गाणं मात्र टाळा, आणि त्याहून टाळायचं ते चुकीच्या ठिकाणी एकटीने शिरणं. विश्रांतीच्या जागा वहीत ठळक करा. त्या रात्री कार्यक्रम बिघडलाच तर तो बहुधा कोणीतरी आत्मविश्वासाने लवकर शिरल्यामुळे बिघडेल, घाबरून गप्प बसलेल्या आल्टोमुळे नाही.

उभं राहण्याची जागा विचारपूर्वक निवडा. आल्टोंच्या घोळक्याच्या मध्यभागी, वाचता येणाऱ्या एखाद्या बाईच्या शेजारी किंवा तिच्या पुढच्या ओळीत. सोप्रानोंना लागून असलेली कड नको. अशा बाईला सकाळीच सांगा, 'मी नवी आहे, तुमच्यावर कान ठेवणार आहे.' त्यांना आवडतं. आणि एक लक्षात ठेवा, तिचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने गाताय. भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रान्सच्या लाँबार्ड या डॉक्टरने हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलं. कॉयरमध्ये एकाने चढवला की शेजारी चढवतो, आणि दुपारी तीनला सगळे ओरडत असतात.

त्यावरून तुमच्या बाईंकडे येते. त्यांची काळजी अगदीच खोटी नाही, पण रोख चुकलाय. एका दिवसाच्या हलक्या आवाजाने गळा पातळ होत नाही. तो बसतो सहा-सात तास पूर्ण जोराने गाण्याने. म्हणून सकाळच्या तालमीत, विशेषतः बाकीच्या आवाजांचं काम चाललेलं असताना, अर्ध्या आवाजात गा. व्यावसायिक गायकही तेच करतात. मधल्या वेळेत गप्पा कमी मारा, गाण्यापेक्षा गलक्यात बोलण्याने जास्त थकवा येतो. आणि बाईंना न सांगता जाऊ नका. त्यांना वही दाखवा, सरगम दाखवा. 'बाई, हा गंधार पियानोचा आहे, आपल्या तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा चौदा सेंट चढा' हे त्यांना सांगितलंत तर त्या विरोध विसरून तासभर त्यावरच बोलतील. (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. खरंच तेवढाच चढा असतो. हार्मोनियमचाही असतो, त्यामुळे तुम्हाला तो परका वाटायचा नाही.)

यजमानांचं बोलणं मी उडवून लावणार नाही. 'ग्लोरिया' हे स्तोत्र आहे, देवाची स्तुती आणि पृथ्वीवर शांती मागणं, आणि गाताना ते शब्द तुमच्या तोंडून जाणार आहेत. तुम्हाला स्वतःला ते खुपत असेल तर नका जाऊ, त्यात कमीपणा नाही. पण पत्रावरून तरी खुपतंय ते त्यांना. त्यांना आठवण करून द्या की अब्दुल करीम खाँसाहेबांची मराठी नाट्यपदं आपल्या आजोबांच्या पिढीने डोक्यावर घेतली, तेव्हा कोणी खाँसाहेबांचा धर्म काढला नव्हता. मुंबईत तर हे नवं नाहीच. व्हिक्टर परंज्योतींनी १९५६ साली इथे परंज्योती अकादमी कोरस उभा केला आणि त्यांच्यानंतर कित्येक वर्षं त्याची धुरा कूमी वाडिया या पारशी बाईंनी वाहिली. सलील चौधरींचं बॉम्बे यूथ कॉयरही याच शहरातलं. आणि हा विवाल्डी व्हेनिसमधल्या एका अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवायचा. तिथल्या मुली जाळीआडून गायच्या आणि ऐकायला परगावाहून लोक यायचे. 'ग्लोरिया' त्या मुलींसाठीच लिहिला असं मानतात. मग तो दोनेकशे वर्षं बासनात पडून राहिला आणि १९३९ मध्ये इटलीतल्या सिएना गावी पुन्हा गायला गेला. 'या वयात कशाला' याचं उत्तर मात्र तुमचं तुम्ही द्या. मला तरी चोपन्न हे वय कशासाठीही फार वाटत नाही.

कार्यक्रमाला त्यांना बोलवा, पण सासर-माहेर आणि अख्खं भजनी मंडळ नको. एका दिवसात बसवलेला कार्यक्रम कच्चा असतो, आणि गर्दीतला तुमचा आवाज वेगळा ओळखू यायचा नाही, येऊ नये हीच तर सगळी खटपट. 'तू कुठे ऐकू आलीसच नाहीस' असं बारा जणांकडून ऐकण्यापेक्षा एकाकडून ऐकलेलं बरं. त्यांना मध्यावर, थोडं मागे बसवा. चारही आवाज तिथे नीट मिसळून पोहोचतात.

दिवसाची तयारी थोडक्यात. रविवार आहे, मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी रात्री बघा आणि दादरला गाडी बदलायला वेळ धरून निघा. सकाळचा पहिला तास आवाज मोकळा करण्याचा असतो, तो चुकवलात तर दिवसभर घसा कुरकुरतो. साधं पाणी भरपूर घ्या आणि ते आधीपासून घोट-घोट प्या, गायच्या ऐन आधी गटागटा नाही. डबा पोळी-भाजीचा. चिवडा, शेव, फरसाण नको, कण घशात अडकतात आणि शांत जागी खोकला येतो. एसीच्या झोताखाली उभं राहावं लागलं तर शाल ठेवा. पेन्सिल दोन, खोडरबर एक, कारण संचालक दुपारी तीनला सकाळी सांगितलेलं बदलणार. पायात सपाट चपला.

पोशाख काय ते संयोजक सांगतीलच. बहुतेक ठिकाणी काळा असतो आणि काळी साडी चालते, पण सुती. रेशमी साडी उठता-बसता सळसळते. बांगड्या आणि पैंजण पर्समध्ये. चाळीस बायकांनी एकदम पान उलटलं की बांगड्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात उतरतो आणि मग तोच ऐकू येत राहतो. सौभाग्याच्या म्हणून हातातच ठेवायच्या असतील तर मनगटावर वर सरकवून रुमाल बांधा. लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली कोणाच्या लक्षातही येत नाही.